लाल ठिपक्याचं सॉकेट

कोपरीच्या त्या गल्लीत अकरा वाजले की डिसेंबरचं ऊन बॅटरीच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतं, ओळखीच्या पाहुण्यासारखं. उत्तरा त्याच्याच शेजारी बसून एका रिक्षाची बॅटरी तपासत होती, तेवढ्यात समोर एक निळी बस थांबली. शाळेची जुनी बस. पण खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, मागे दोरीवर वाळणारा टॉवेल... आणि आतून चिडलेल्या टिटवीसारखा एकसारखा ओरडा. टीं, टीं, टीं!

उंच, सावळा, कपाळावर घामाचे चार थेंब असा एकजण खाली उतरला.

"ता..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे नीट पाहून पुढचं अक्षर गिळलं. "मॅडम, बॅटरीवाले सीतारामशेठ कुठे भेटतील?"

"बाबा गावी गेलेत. मी बघते. काय ओरडतंय?"

"घर."

"घर?"

"घर ओरडतंय माझं!"

उत्तराला हसू आलं, पण तिचे कान मात्र त्या ओरड्याकडेच होते. कोडं दिसलं की तिच्या बोटांना मुंग्या यायच्या.

त्याचं नाव रत्नदीप. मोहन्याला राहायचा, बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायचा. ही भंगारातली बस त्याने वर्षभर राबून घरासारखी केली होती, ती आईसाठी. शेवंतीबाईंची फुप्फुसं थकली होती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र सतत जवळ लागायचं. आणि त्यांना जायचं होतं गुहागरच्या पलीकडे, माहेरी. थोरल्या भावाला, सखादादाला, पाहून सहा वर्षं झालेली. तिथे वीज कधी जाईल नेम नाही.

"डॉक्टर म्हणतात, यंत्र आठ तास न थांबता बसमध्ये चालवून दाखवा, मगच परवानगी," रत्नदीप म्हणाला. "आणि इथे दोन तासांत बॅटऱ्या झोपतात नि इन्व्हर्टर असा ओरडायला लागतो. जनरेटर चालू असतानासुद्धा! दोन मेकॅनिकना दाखवून आलेलो. दोघं म्हणाले, बॅटऱ्या बदला. अहो, नव्या आहेत!"

जनरेटर चालू, तरी बॅटऱ्या उतरतात... उत्तराने मीटर उचलला, चपला काढल्या आणि ती बसमध्ये शिरली. आत निलगिरीच्या तेलाचा आणि ताज्या लाकडाचा वास होता. ती गुडघ्यांवर बसली. एकेक वायर बोटाने चाचपत, जणू जात्यावरची ओवी कडव्याकडव्याने आठवत, पलंगाखालच्या कप्प्यापर्यंत पोचली. आणि मान वर न करताच म्हणाली,

"इन्व्हर्टर वीज कुठून घेतो?"

"बॅटरीतून."

"आणि बॅटरी भरणारा चार्जर तुम्ही कुठे लावलाय?"

तो वाकला. दोघांची डोकी हलकेच आपटली. "...इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये."

"म्हणजे बॅटरी स्वतःच स्वतःला घास भरवतेय, आणि निम्मा वाटेत सांडतोय. जनरेटर बिचारा मागे नुसता पेट्रोल पीत बसलाय."

रत्नदीपचे कान लाल झाले. "दोन्ही सॉकेटं सारखीच दिसतात ना..."

तिने चार्जरची पिन जनरेटरच्या सॉकेटमध्ये घातली, मग हत्यारांच्या पेटीतून नेलपॉलिशची बाटली काढली आणि तिथे एक टपोरा लाल ठिपका दिला. "चार्जर इथेच. दुसरीकडे कुठेही नाही."

"नेलपॉलिश? पान्यांच्या पेटीत?"

"का? तुमच्या पेटीत नसतं?"

टिटवी गप्प झाली होती. तो मात्र उगाच पाच मिनिटं जास्त थांबला.

बुधवारी त्याचा फोन आला. आता जनरेटरच मध्ये बंद पडतो म्हणे! उत्तर फोनवर सांगता आलं असतं. तरी उत्तराने स्कूटर काढली, आणि थेट मोहन्यापर्यंत स्वतःलाच विचारत गेली... का बरं चाललोय आपण?

बस बिल्डिंगच्या आवारात होती. खिडकीपाशी नाकाला नळी लावून शेवंतीबाई बसल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र लुगड्यात, हातांना निलगिरी चोळत. शेजारी विजेच्या शेगडीवर चहाचं आधण.

"ही शेगडी कोणी लावली?"

"मीच," रत्नदीप म्हणाला. "रोज आईच्या चहाला लावतो. आज तुम्ही येणार म्हणून पुन्हा."

"बॅटऱ्या उपाशी असल्या की चार्जर अधाशासारखा ओढतो. त्यात ही शेगडी! एवढासा जनरेटर, किती ताटं वाढेल? आधी बॅटऱ्यांचं पोट भरू द्या. मग चहा."

"हिला कळतं रे," शेवंतीबाई म्हणाल्या. "आधी भुकेल्याचं बघावं. तुला एवढी वर्षं हेच सांगतेय." मग उत्तराकडे वळून, धापा टाकत पण गोड आवाजात त्यांनी स्वतःच जुळवलेली ओवी म्हटली,

"माझ्या गं दारापुढं
चाकांचं घर आलं,
सांगा गं भाऊराया
माहेर जवळ झालं..."

उत्तराने ओवी शेवटपर्यंत ऐकली. ही बस चाललीच पाहिजे, तिने मनात म्हटलं. आणि मग लगेच वाटलं, चालली की ती जाईल. महिनाभर.

शनिवारी आठ तासांची परीक्षा. सकाळी आठला यंत्र सुरू, दुपारी चारला डॉक्टर येणार, रविवारी निघायचं. अडीचला फोन वाजला, आणि त्यात मागून टिटवी!

उत्तरा पोचली तेव्हा शेवंतीबाई बिल्डिंगमधल्या घरात, ऑक्सिजनचा सिलिंडर लावून निवांत होत्या. रत्नदीप बसच्या दाराशी उभा, मान खाली. ती सरळ पलंगाखाली वाकली. चार्जरची पिन पुन्हा इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये! लाल ठिपका शेजारी तसाच, रिकामा.

"हे आपोआप झालेलं नाही," ती उठून उभी राहिली. गाल तापले होते, रागाने की कशाने कोण जाणे. "मुद्दाम केलंस ना? मी यावं म्हणून?"

अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"आईशपथ, मी नाही."

तिने पिन नाकाशी नेली. निलगिरी.

"...आई?" तिने विचारलं.

घराच्या खिडकीतून शेवंतीबाईंचा आवाज आला. "सखादादा सहा वर्षं थांबलाय, एक दिवस आणखी थांबेल! तू मात्र उद्या या पोरीचा निरोप घेशील आणि महिनाभर वायपरकडे बघत बसशील. मला नाही बघवायचं ते!"

उत्तरा पायरीवर बसली. हसावं की रडावं! बोटातली पिन फिरवत ती हळूच म्हणाली, "खरं सांगू? तू केलंस असं वाटलं ना... तेव्हा बरं वाटलेलं. आता उगाच वाईट वाटतंय."

रत्नदीप तिच्या शेजारी बसला. मध्ये वीतभर ऊन.

"उत्तरा... मी नाही लावली. पण आईला लावताना मी पाहिलेलं. सकाळी नऊला."

"मग?"

"मग... सरळ नाही केली. बॅटऱ्या या वेळी पोटभर भरलेल्या, साडेपाच तास त्यांचा आकडा उतरताना बघत बसलेलो. म्हटलं, आत्ता ओरडेल, आत्ता ओरडेल..."

कोपऱ्यावरच्या जास्वंदीत एक चिमणी फडफडली. उत्तराने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर त्याला तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं. तिने उठून पिन ठिपक्याच्या सॉकेटमध्ये घातली, जनरेटर सुरू केला. बॅटऱ्या रात्रभर भरतील. डॉक्टरांना उद्या बोलवायचं. परीक्षा पुन्हा पहिल्यापासून, पूर्ण आठ तास.

"मी पावणेआठला येते," ती म्हणाली. "आणि दोघा मायलेकांना त्या कप्प्यापासून चार हात लांब ठेवते."

"आणि सोमवारी? वाटेत पुन्हा ओरडलं तर?"

"बाबा उद्या संध्याकाळी परत येतायत. दुकान बघतील ते. आई हो म्हणाल्या, तर बसमध्ये एक माणूस आणखी मावेल?"

"मी हो कधीच म्हटलंय!" खिडकी म्हणाली.

उत्तराने पेटीतून बाटली काढली, रत्नदीपचा हात ओढला आणि त्याच्या अंगठ्याच्या नखावर एक टपोरा लाल ठिपका दिला.

"हे... कशाला?"

"खूण," ती म्हणाली, ठिपक्यावर हलकेच फुंकर घालत. "इथेच. दुसरीकडे कुठेही नाही."