विश्वास मोजणारी उशी

"हलू नका हं, पार्वतीकाकू," डॉ. केतकी म्हणाली आणि तिने नजर उशीवरच्या आकड्याकडे लावली.

मिरजेतल्या तिच्या दवाखान्यात ही विश्वासमापक उशी येऊन आठ महिने झाले होते. केतकी कायरोप्रॅक्टर, औषध न देता हातांनी मणके मोकळे करणारी. मान फिरवायची तर पेशंटने ती सैल सोडायला हवी, आणि डॉक्टरवर भरवसा असल्याशिवाय मान सैल सुटत नाही. उशी मानेच्या स्नायूंचा ताण, नाडी आणि श्वास टिपून शंभरापैकी आकडा दाखवायची. ऐंशीच्या वर गेला की हिरवा दिवा. पूर्वी केतकी प्रत्येकाशी अर्धा तास गप्पा मारायची, तेव्हा कुठे मान हाती यायची. आता गप्पांची गरज उरली नव्हती. तब्येतीचे प्रश्नही पेशंट बाहेरच टॅबलेटवर भरून येत.

काकूंचा आकडा मागच्या दोन्ही खेपांना चाळिशीपुढे सरकला नव्हता. आज मात्र त्यांनी डोळे मिटले आणि आकडा सरसर चढत चौऱ्याण्णववर थांबला.

केतकीने दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. "आज बसला म्हणायचा माझ्यावर विश्वास."

"तुमच्यावर?" काकूंनी डोळे उघडले. "राग मानू नका बाई, पण मी इथं नव्हतेच. दत्तगुरूंचं नाव घेत होते. शेजारच्या मालूनं सांगितलं, दिवा लागल्याशिवाय तुम्ही हात लावत नाही."

केतकीला हसू आलं. "मग माळ आणायची की सोबत. मी नाही म्हटलं नसतं."

आकडा घसरू लागला. सत्तर, पन्नास, छत्तीस.

केतकीने हात काढून घेतले, उशी बंद केली आणि स्टूल ओढून ती त्यांच्यासमोर बसली. "काकू, माळ का नाही आणली?"

"मणी सरकत नाहीत." त्यांनी उजवा हात पुढे केला. "महिना झाला, बोटं बधिर आहेत. पदर खोचला तरी कळत नाही."

"फॉर्मवर तर 'नाही' भरलंय."

"त्या पाटीला काय सांगायचं? तुम्ही कुठं विचारलंत?" काकू खाली बघत म्हणाल्या. "आणि सांगितलं असतं तर मोठ्या हॉस्पिटलात धाडलं असतंत. माझं सव्वा लाख जपाचं अनुष्ठान चाललंय. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून."

केतकीने त्यांची बोटं एकेक करून दाबून पाहिली. मानेतली नस दबली असणार. अशी मान झटक्याने फिरवली असती, तर हात कायमचा लुळा पडू शकला असता.

"धाडणारच आहे," ती म्हणाली. "मानेला आज हात लावायचा नाही. एमआरआयला मी सोबत येते. त्या यंत्रात अर्धा तास निपचित पडायचं असतं, जपाला कुणी अडवत नाही."

"मग चालेल. पण याच हं. नुसतं म्हणू नका."

काकू चिठ्ठी घेऊन गेल्या. पुढचे पेशंट, वखारवाले नेमगोंडा पाटील, आत आले, त्यांनी सवयीने स्वतःच उशीचं बटण दाबलं आणि डोळे मिटून आडवे झाले. दिवा लगेच हिरवा झाला. ही त्यांची सहावी खेप. सहाही वेळा हिरवा.

केतकी त्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली.

"पाटील," तिने हळूच विचारलं, "आत्ता तुम्ही कुठं आहात?"