पुन्हा मोज

दोष आप्पासोंचा. माणूस चौसष्ट वर्षांचा आहे, बायपास झालीय, नातवंडं आहेत, हे सगळं मला चार जणांनी सांगून झालंय. दोष तरी त्यांचाच.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. मला एका विहिरीच्या पायऱ्या मोजायच्या होत्या.

'पायरवाट' नावाची एक वेबसाइट आहे. जुन्या बारवांचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचा, नाद असलेल्या लोकांची. कुठं बारव सापडली, कमान शाबूत आहे का, पाणी किती, असं तिथं रोज चालतं. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला, तेव्हापासून वडूजला घरीच होतो आणि बारवांची चित्रं काढत होतो. एकतीस बारवा झाल्या होत्या. वडील म्हणायचे, शंभूराज, दगडं चितारून पोट भरतंय व्हय रं. घरात ती वही कुणी उघडून बघितली नाही. पायरवाटवर दोन हजार माणसं होती. त्यांनी बघितली असती.

पण नव्या माणसाला तिथं चित्र टाकता येत नाही. नव्याचं नाव करड्या अक्षरात दिसतं आणि आधी त्याला 'पहिली नोंद' करावी लागते. ज्येष्ठ मंडळी एक बारव नेमून देतात, तिथं एकट्यानं जायचं, वरपासून तळापर्यंत पायऱ्या मोजायच्या आणि आकडा टाकायचा. मग एखादा ज्येष्ठ 'बरोबर' लिहितो, नाव काळं होतं, आणि तुम्ही माणसात येता. ज्येष्ठांना सर म्हणायचं, बाईंना मॅडम. हा नियम लिहिलेला नाही, पण एकानं नुसतं 'काका' लिहिलं तर त्याला आठवडाभर कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मला नेमून दिली ती बारव वडूजच्या पूर्वेला, माणच्या बाजूच्या माळावर आहे. गावाचं नाव लिहीत नाही. कुणीतरी जाईल.

मे महिना होता. विहीर ठणठणीत कोरडी. दोन भिंतींच्या मधून जिना सरळ खाली उतरत जातो, तळाशी कमान, कमानीपलीकडं भेगाळलेला गाळ. रविवारी गेलो, शांतपणे मोजल्या. बावन्न. घरी येऊन आकडा टाकला. पंधरा मिनिटांत ज्येष्ठांतल्या आप्पासोंचं उत्तर आलं, सांगलीहून.

"पुन्हा मोज."

कारण नाही, काही नाही. खाली लोणंदच्या कृष्णातसरांनी हसणारे तीन चेहरे टाकले. सिमेंटचं दुकान आहे त्यांचं, दिवसभर गल्ल्यावर बसून हेच करतात.

बुधवारी सकाळी गाडी काढून परत गेलो. या वेळी खडूनं प्रत्येक पायरीवर खूण करत उतरलो. त्रेपन्न भरल्या. म्हटलं, रविवारी माझंच चुकलं असणार. खाली रेंज नव्हती, म्हणून वर येऊन काठावरच्या लिंबाखाली बसलो आणि आकडा टाकला. साडेअकरा झाले होते. आप्पासो जणू बोट टेकवूनच बसले होते.

"पुन्हा मोज."

विजयमाला मॅडमनी, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, लिहिलं की आमच्या वेळी पोरं एवढी घाई करत नसत. कृष्णातसर म्हणाले, पोराला त्रेपन्नच्या पुढं येत नसेल, म्हणून तर कॉलेज सोडलं. त्यावर सोळा जण हसले. मी मोजले.

लिंबाच्या पलीकडं मेंढरं बसली होती. त्यांच्यामागं एक म्हातारी, बयाबाई नाव, पाठीला घोंगडं लावून टेकली होती. माझ्याकडं बघत होती मघापासून.

"मोजाया आलायस?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"मागल्या साली बी एक आलता. तुझ्याएवढाच. अमृत म्हनायचा. तो बी सारखं मोजायचा. वर यायचा, फोन बघायचा, परत उतरायचा…"

"मग? जुळलं का त्याचं?"

ती विहिरीकडं बघत राहिली. "मोजतुय की आजून," ती म्हणाली. "बारा वाजाय आलं, लेकरा. आत्ता उतरू नगं."

म्हाताऱ्या माणसांचं मला तेव्हा काहीही ऐकायचं नव्हतं. सोळा म्हातारी माणसं आत्ताच माझ्यावर हसली होती. मी उठलो आणि उतरायला लागलो.

डोक्यावरचं ऊन एवढं होतं की खालचा अंधार जास्तच दाट वाटत होता. मी मोठ्यानं मोजत होतो. एक, दोन, तीन. सकाळच्या खडूच्या खुणा पायाखाली होत्या. विसाव्या पायरीला वास आला. शेवाळाचा, ओल्या दगडाचा. कोरड्या विहिरीत पारव्यांच्या विष्ठेचा वास यायला हवा, सकाळी तोच होता. तिसाव्या पायरीला पारव्यांचा आवाज बंद झाला. चाळीस. तिथं मला कळलं की खाली आणखी कुणीतरी मोजतंय.

प्रतिध्वनी असेल म्हणून मी थांबलो. तो थांबला नाही.

"एकोणीस… वीस… एकवीस…"

हळू आवाज, दम लागलेला, पण आकडा चुकू नये म्हणून जपून उच्चारलेला. आणि तो वर येत होता. कमानीच्या तळातून, जिथं नुसता गाळ होता तिथून. मी तिथूनच फिरायला हवं होतं. पण परत गेलो असतो तर आकडा अर्धा राहिला असता, आणि वर ते सोळा जण वाट बघत बसले होते. माझे पाय उतरतच राहिले. त्रेपन्नाव्या पायरीवर उभा राहिलो. खाली गाळ दिसायला हवा होता. तिथं पायरी होती. स्वच्छ, काळी, ओली. तिच्याखाली आणखी एक.

"बावन्न… त्रेपन्न… चोपन्न…"

तो माझ्याहून एक पायरी खाली येऊन थांबला. अंधारात मला दिसलं काही नाही. फक्त समोरची हवा गार झाली, फ्रिज उघडल्यासारखी.

"चोपन्न भरल्या, सर," तो म्हणाला. "बरोबर हाय का?"

आता खरं सांगतो. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटली, पण नंतर. आधी मला वाटलं, गावातलं कुणी टारगट पोरगं आहे, नाहीतर माझ्यासारखाच दुसरा करडा, एकाच विहिरीवर दोघांना धाडलंय म्हाताऱ्यांनी. आणि त्यानं मला सर म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी. तो ताटकळत होता. एक शब्द हवा होता त्याला, मला हवा होता तोच. तो माझ्या तोंडात होता.

मी आप्पासोंच्या तोऱ्यात म्हणालो, "पुन्हा मोज."

कुठंतरी पाणी ठिबकलं.

"व्हय, सर," तो म्हणाला. अगदी गरिबीनं.

आणि माझ्या डाव्या पायावर, बुटावरून, काहीतरी टेकलं. पाऊल होतं. दुसऱ्या माणसाचं पूर्ण वजन घेऊन टेकलेलं, बर्फागत.

"एक…"

मी कसा वर आलो ते आठवत नाही. वर आल्यावर बूट काढला तर त्यातून पाणी सांडलं. बयाबाईनं ते पाणी बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय म्हनलास त्याला?"

मी ओला मोजा पिळत राहिलो. तिनं मेंढरं उठवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पाय पांढरा पडला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं आणि विचारलं, हा किती दिवस पाण्यात होता. मी म्हणालो, विहीर कोरडी होती. त्यांनी वडिलांकडं बघितलं. पावलावर एक ठसा होता, उघड्या पायाचा. टाच माझ्या बोटांवर आणि बोटं माझ्या घोट्याकडं. वर चढणाऱ्या माणसाची.

तिसऱ्या सकाळी घोट्यावर दुसरा ठसा होता.

कृष्णातसरांना फोन केला तेव्हा त्यांनी सगळं ओकलं. आकडा कुणीच कधी तपासत नाही. त्या बारवेवर ज्येष्ठांपैकी कुणी गेलेलंच नाही, जुन्या यादीतून नाव उचललंय. प्रत्येकाला दोनदा 'पुन्हा मोज' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरोबर', एवढीच रीत. माज उतरावा म्हणून. अमृतनं तिसरा आकडा टाकला त्या दिवशी हे सगळे पाचगणीला संमेलनात होते. स्ट्रॉबेरी खात होते. 'बरोबर' लिहायचं राहून गेलं. त्यानं चौथ्यांदा मोजलं, पाचव्यांदा मोजलं. मागच्या साली विहिरीला पाणी होतं, खालच्या पायऱ्या बुडी मारून मोजाव्या लागत. सहाव्या दिवशी तो पाण्यावर आला. यांनी साइटवरचा त्याच्या नोंदींचा सगळा धागा काढून टाकला आणि त्याचा हार घातलेला फोटो लावला.

वडिलांनी मला उचलून गाडीत घातलं आणि विहिरीवर नेलं. चित्रांवरून बोलणारा माणूस, काही न विचारता नेलं. काठावरून मी 'बरोबर' म्हणून ओरडलो, घसा बसेपर्यंत. खालून पारवे उडाले. वास पारव्यांचाच होता. तो आता तिथं नव्हता.

मग आप्पासो दवाखान्यात आले, शहाळं घेऊन. मी हात जोडले. आयुष्यात कुणापुढं जोडले नव्हते. म्हटलं, सर, अमृतचा धागा परत लावा आणि त्याखाली एक शब्द लिहा. माझ्या शब्दानं तो थांबत नाही, मी करडा आहे. तुम्ही नेमलं होतंत त्याला, तुम्ही लिहा. चादर बाजूला करून ठसे दाखवले. तीन झाले होते. त्यांनी बघितले. माणसाचा रंग उतरलेला मी पाहिला, म्हणजे कळलं होतं त्यांना.

"आरं, आता लिवलं म्हंजे…" ते दाराकडं बघत म्हणाले, "आमी कबूल केल्यासारखं हुतंय. पोलीस हाईत, त्याच्या घरचे हाईत. माझं वय बघ."

"माझं बघा की," मी म्हणालो.

ते शहाळं ठेवून गेले. संध्याकाळी माझ्या नोंदीखाली त्यांचं 'बरोबर' आलं. तिसरा आकडा मी टाकलाच नव्हता. माझं नाव काळं झालं. अमृतचा धागा नाही तो नाहीच.

आधी घोट्याच्या वर कापला. नऊ दिवसांनी गुडघ्याखाली. आजपर्यंत डावा पाय अर्ध्या मांडीपर्यंत गेला आहे. दर वेळी टाक्यांच्या वर नवा ठसा उमटतो, बोटं वरच्या दिशेनं.