डेल्कोतलं दव

नांदगाव पेठेत त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की दामिनीला ती गाडी आधी दिसलीच नाही. ऐकू आली.

खर्रर्र... खर्रर्र... खर्रर्र...

इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं.

अमरावतीच्या एका पॉलिटेक्निकमध्ये दामिनी इंजिन शिकवायची. आज सुट्टी होती आणि ती मोझरीला मैत्रिणीच्या शेतात हुरडा खायला निघाली होती. पण रडणाऱ्या लेकराजवळून जसं पुढं जाववत नाही, तसं तिला अशा आवाजाजवळून जाववायचं नाही. तिनं स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि आवाजाच्या दिशेनं चालत गेली. रस्त्यालगतच्या एका घरासमोर धुक्यातून हळूहळू एक जुनी, गोल दिव्यांची मोरपंखी गाडी उमटली.

"अहो, थांबा! सेल्फ नोका मारू आता. बॅटरी मरून जाईन बिचारी!"

काच खाली झाली. आतला तरुण तिच्याकडे नुसता पाहत राहिला. धुक्यातून एक मुलगी येते काय आणि बॅटरीची कीव करते काय!

"तुमाले... समजते गाडीतलं?"

"थोडंसं."

"समजते म्हणते तं उतर ना खाली, कुलदीप," मागच्या सीटवरच्या शालीच्या गाठोड्यातून आवाज आला. ते कुलदीपचे वडील, गोवर्धनराव. मांडीवर खंजिरी घेऊन बसले होते. बापलेक अकोल्याचे. मोझरीच्या भजनासाठी निघाले होते, रात्री इथं नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि गाडी रात्रभर उघड्यावर राहिली.

दामिनीनं बोनेट उघडलं. "पहिले सांगा, पेट्रोलचा वास येऊन राहिला का?"

कुलदीप शेजारी वाकला. नाक पुढं केलं. "मले तं... शिकेकाईचा येऊन राहिला."

दामिनीचे कान तापले. सकाळीच न्हायलेले केस तिनं मागं सारले. "इंजिनाकडे वाका. माझ्याकडे नाही."

"येऊन राहिला, येऊन राहिला. पेट्रोलचाही."

"म्हंजे पेट्रोल पोचते. आता ठिणगी पाहू."

डिक्कीतला पाना आणून तिनं एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. कुलदीपनं तिच्या इशाऱ्यावर सेल्फ मारला. ती टक लावून पाहत होती. निळी ठिणगी उडायला हवी होती. काहीच उडालं नाही.

"करंटच नाही," ती म्हणाली आणि डेल्कोचं झाकण उघडलं. प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारी ती काळी डबी. आत बारीक बारीक थेंब जमले होते, गवताच्या पात्यावर जमतात तसे.

"दव!" कुलदीप पुटपुटला. "इथीही पडते?"

"याले कोणतीच जागा वर्ज्य नाही... कोरडं फडकं असंन तं द्या."

त्यानं गळ्यातला मफलर काढून दिला.

"खराब होईन."

"होऊ द्या."

तिनं थेंब टिपले. तेवढ्यात त्याची नजर तिच्या बोटांवर गेली आणि तिनं सवयीनं हात ओढणीत लपवले. गेल्या वर्षी तिला पाहायला आलेल्या एका बाईनं तिच्या नखांतलं ग्रीस पाहून तोंड वाकडं केलं होतं. लग्नानंतर ही असली नोकरी सोडावी लागेल, असंही बजावलं होतं. दामिनीनं तिथंच नकार दिला. नकाराचं तिला दुःख नव्हतं, पण तेव्हापासून अनोळखी माणसांसमोर हात मात्र आपोआप लपायचे.

कुलदीपनं स्वतःचे दोन्ही हात तिच्यापुढं धरले. नखांत काळी माती. "रोपवाटिका हाये माझी. कितीबी धुतलं तरी जात नाही. तुमी काहून लपवता?"

ती हसली. खूप दिवसांनी कुणासमोर तरी हात मोकळे सोडून हसली. झाकण लावलं, प्लग बसवला, आणि पहिल्याच सेल्फला गाडी धडधडून जिवंत झाली. मागं गोवर्धनरावांनी खंजिरीवर एक खणखणीत थाप मारली.

"पुन्हा बंद पडली तं?" कुलदीपनं विचारलं.

"तं... फोन करा."

गाडी जुनीच. आठवडाभरात ती पुन्हा बंद पडली. कुलदीप फोन बोनेटपाशी धरायचा आणि दामिनी अमरावतीत डोळे मिटून ऐकायची.

"वास येतो का?"

"शिकेकाईचा नाही येत."

"कुलदीपराव!"

"पेट्रोलचाही नाही."

"मग पेट्रोल चढून नाही राहिलं. पंपाकडे जाणारी नळी काढून फुंकर मारा."

नळीतला कचरा निघाला, गाडी चालू झाली. फोन मात्र चालूच राहिला. आज शेवंती फुलली, मोगऱ्याच्या कलमांना पालवी आली, बाबा सकाळपासून एकच भजन म्हणून राहिले... तो सांगत जायचा आणि ती वर्गातल्या गमती सांगायची. कधी चोक अडकायचा, कधी डेल्कोतले पॉइंट घासावे लागायचे. दर वेळी बिघाड छोटा असायचा आणि बोलणं लांबायचं.

आणि मग गाडी बरी झाली. अगदी पूर्ण बरी.

फोन थांबले. आता कोणत्या निमित्तानं करायचा? दामिनी फोन हातात घ्यायची, त्याचं नाव काढायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा सेल्फ खरखरला की तिची मान आपोआप वळायची. आपण एका माणसाची गाडी बिघडावी म्हणून वाट पाहतो आहोत, हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली.

पळस फुलला होता तेव्हा एका सकाळी त्याचा फोन आला. "आज मले खरंच काही... म्हंजे, सेल्फ फिरते, पण चालू होऊन नाही राहिली. तुमी... येता का?"

"गाडी पाहाले चालली अकोल्याले," तिनं आईला सांगितलं.

"गाडीच ना?" शकुनबाईंनी पोळी उलटत विचारलं.

बसच्या खिडकीतून मूर्तिजापूरपर्यंत पळस तिच्यासोबत धावत होता. अंगावर केशरी उजेड पडत होता.

रोपवाटिकेत ओल्या मातीचा वास होता. कडुनिंबाखाली मोरपंखी गाडी, शेजारी बाजेवर गोवर्धनराव. कुलदीपनं पाणी आणून दिलं, पण तो नेहमीसारखा बोलत नव्हता. दामिनीनं बोनेट उघडलं. पेट्रोल होतं. ठिणगी नव्हती. डेल्को आतून कोरडा ठणठणीत. मग तिची नजर ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलवर गेली. कॉइलकडून डेल्कोकडे जाणारी जाड वायर दोन्ही टोकांनी काढून नीट घडी घालून बाजूच्या फटीत सरकवली होती.

तिनं ती बाहेर काढली.

"हे आपोआप निघत नाही."

कुलदीपनं मान खाली घातली.

"परीक्षा पाहून राहिले का माझी? पोरीले किती समजते ते?" तिनं वायर त्याच्यापुढं धरली. "सारं चालन मले, पण इंजिनाच्या बाबतीत खोटं चालत नाही!"

तिनं पिशवी उचलली.

"पोरी, थांब," गोवर्धनराव बाजेवरून उठले. "ते वायर म्या काढली."

"बाबा..."

"तू गप रे. घरात आमी दोघंच. हा रोपाईसंग बोलते, मी खंजिरीसंग. तुयासंग फोनवर बोलायचा तं घर हासायचं, पोरी. गाडी चांगली झाली अन् हा पुन्हा मुका झाला. मंग काय करू? मीच बिघडवली." एवढं बोलून ते चहा ठेवायला आत निघून गेले.

कडुनिंबाची पानं टपटप पडत होती. दामिनीचा राग कुठं ठेवावा तेच तिला कळेना.

"बाबांनीच काढली, हे खरं हाये," कुलदीप हळूच म्हणाला. "पण मी... मी खिडकीतून पाहून राहिलो होतो."

तिनं चमकून वर पाहिलं.

"मग लावली काहून नाही?"

"लावली असती तं तुमाले फोन कशासाठी केला असता?"

"अन् हे आता सांगाची काय गरज होती? सारं बाबांवरच गेलं होतं ना!"

"तुमीच म्हणल्या, खोटं चालत नाही." त्यानं मान वर केली. "मले तुमी आवडता, दामिनी. गाडी चालू असली तरी... अन् बंद असली तरी."

वायर तिच्या मुठीत होती. दोन्ही टोकं दाबून बसवायची, एक सेल्फ मारायचा, की तिचं इथलं काम संपणार होतं. तिनं बोनेट अलगद खाली घेतलं आणि वायर आपल्या पिशवीत टाकली.

"आज राहू द्या बंद," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी येऊन लावून देईन म्हणा बाबाईले."

कुलदीपच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग सावकाश हसू पसरलं. "अन् त्याच्या पुढच्या रविवारी?"

दामिनीनं मळके हात पुसले नाहीत. तसेच त्याच्या हातात दिले.

"त्या रविवारी तुमी यायचं अमरावतीले. बाबाईले घेऊन, माझ्या आईले भेटाले..." तिनं बोनेटकडे पाहिलं. "चालू गाडीनं."