पान उचलण्याआधी

तो पहिल्यांदा दिसला तोच धापा टाकत. पायात एकच चप्पल, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि दारातूनच ओरडला —

“म्याडम, मी काईच नाई केलं!”

कॉम्प्युटर नुकताच बंद पडला होता. माझा पडदा काळा, आणि कपाटाएवढ्या मशीनवर लाल दिवा.

“काही केलं नाही, तर इतके धावत काऊन आलात?” मी विचारलं. ‘का’ऐवजी ‘काऊन’ हा इथला शब्द मी त्याच आठवड्यात शिकले होते आणि जिथे तिथे वापरून बघत होते.

तो हसला. दुसरीही चप्पल काढली, पण उंबरठ्याच्या आत आला नाही. “मी ताराचंद. समोरच्या परीक्षा विभागात गुण चढवतो. टेम्परवारी आहो, निकाल लागेपर्यंत.” मग जरा थांबून, “बंद पडायच्या आधी… पडद्यावर काई दिसलं का तुम्हाले?”

“काहीच नाही.”

“काईच नाई?” त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, बिचाऱ्याचं काम वाया गेलं.

१९८८ चा डिसेंबर होता तो. देवळी रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात एकच मोठं मशीन होतं, आणि खोल्याखोल्यांत तारांनी जोडलेले आठ पडदे; एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओळही पाठवता यायची. मशीनचं बोलणं त्या पडद्यांपर्यंत नेणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलेला. “मी ड्रायव्हर लिहिते,” असं सांगितल्यावर माझ्या घरमालकीण आनंदाबाईंनी, “एस्टीचा का वं?” असं विचारलं होतं.

नाशिकहून मी या मशीनसाठी आले होते. नाचणगावात आनंदाबाईंकडे एक खोली, सकाळची बस, दिवसभर थंडगार खोलीत मशीनची घरघर, संध्याकाळी पाच चाळीसची बस. मशीनला धूळ लागेल म्हणून कोणी आत यायचं नाही. दाराबाहेर चपलांचा एकच जोड असायचा, माझा. कधी कधी पूर्ण दिवसात मी फक्त कंडक्टरशी बोललेली असायचे — “नाचणगाव, एक.” एकटेपणाची मला सवय झाली होती असं मी आईला पत्रात लिहायचे. खोटं होतं ते.

मशीन पुन्हा पडलं. मग पुन्हा. दर वेळी संध्याकाळी, मी काम आवरून निघतानाच. आणि दर वेळी ताराचंद धावत हजर.

“आजही काई दिसलं नाई?”

“तुम्हाला काय दिसायला हवं होतं, ताराचंदजी?”

“मले? मले काय… सहज पुसून राह्यलो.” कान लाल.

“तुमच्या खिडकीतून माझी खिडकी दिसते वाटतं?”

“दिसते न. तुम्ही आधी खिडकी लावता, मंग मशीनच्या टेबलाशी येता. मंग… जाता.” शेवटचा शब्द त्याने इतका हळू म्हटला, की मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

खरं सांगू? मी मशीन पडायची वाट बघू लागले. ड्रायव्हर लिहिणाऱ्या बाईला याहून लाजिरवाणं काही नसेल. आमचे प्रमुख वासुदेवराव डोक्याला हात लावून म्हणायचे, “कोकिळाबाई, चार वेळा झालं! काईतरी करा.” मी मान हलवायचे, आणि मनात म्हणायचे — पाचव्यांदा कधी?

चूक कुठे आहे ते मला कळत होतं, कशी होते ते कळत नव्हतं. कुणी पडद्यासमोर बसलं की ड्रायव्हर त्याच्या नावाने मशीनच्या स्मृतीत थोडी जागा राखतो. त्याला आलेला मजकूर तिथे उतरतो. तो उठला की जागा मोकळी करायची. मी मोकळी केलेल्या जागेत नंतर कोणीतरी काहीतरी टाकत होतं, आणि मशीन कोसळत होतं. पण मी तर आधी बघत होते, काही येतंय का. येत नसेल तरच जागा सोडत होते!

पाचव्यांदा पडलं त्या दिवशी मी वैतागून हे सगळं उंबरठ्यावरच्या ताराचंदला सांगितलं.

तो विचारात पडला. “म्हंजे पंगतीतल्यावानी झालं. आमच्या कारंज्याले लग्नात मी वाढपी असतो. पाहुणा इकडंतिकडं पाह्यते, कोणी नाई म्हणते, अन् पान उचलते. तेवढ्यात मी वरण ओतून मोकळा! धोतर खराब.”

“मग काय करायचं?”

“आधी हात आडवा धरा न पानावर. म्हंजे नवीन कोणी वाढत नाई. ज्यानं पळी वाकवली त्याचं पडू द्या. मंग उठा.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. बघणं आणि उठणं यांच्या मधल्या एका क्षणात तो वाढपी येत होता. आधी दार लावायचं, मग आत आलेल्याचं होईपर्यंत थांबायचं, आणि मगच जागा सोडायची. मी उलटं करत होते.

“शनिवारी माझा शेवटचा दिवस हाये,” तो जाता जाता म्हणाला. “निकाल लागला न.”

मशीन पडतं तेव्हा त्याच्या पोटात असतं ते सगळं डिस्कवर राहतं. दुसऱ्या दिवशी मी पाचही वेळचं छापून घेतलं. कागदाची भेंडोळीच्या भेंडोळी, आकडेच आकडे, आणि उजव्या कडेला अक्षरं. मी सोडून दिलेल्या जागेत, रोमन लिपीत, वऱ्हाडी ओळी होत्या.

‘हिरवी साडी चांगली दिसते.’

‘जेवल्या नाई का आज?’

‘थांबा न जरासक.’

‘उद्या सांगतो.’

आणि पाचवी — ‘बस चुकवा न एखांद दिवस.’

मी खाली फरशीवर बसले. माझ्यासाठी पाच वेळा कोणीतरी काही बोललं होतं, आणि पाचही वेळा मी पान उचललं होतं. खिडकी लागलेली बघून तो ओळ पाठवायचा, मला उत्तर द्यायला वेळच उरू नये म्हणून. भित्रा! उशीर झाला की मशीन त्याला सांगायचं, समोर कोणी नाही. अगदी त्या मधल्या क्षणात ओळ पडली, की मशीन झोपायचं.

तेव्हाच समोर जाऊन विचारता आलं असतं. पण त्या ओळी मी ढिगाऱ्यातून वेचल्या होत्या, मला मिळाल्या नव्हत्या. मला एक तरी नीट मिळायला हवी होती.

शनिवारी दुपारपर्यंत मी ड्रायव्हर दुरुस्त केला. पाच पंचविसाला खिडकी लावली. टेबलाशी आले. मी उठतेय असं मशीनला सांगणारी निरोपाची अक्षरं टाइप केली — आणि थांबले.

मशीन पडलं नाही. पडदाही लगेच मिटला नाही. एक क्षण… दोन… आणि एक ओळ सावकाश उमटली.

‘उद्या चाललो. तुमच्यावाचून करमणार नाई.’

मग पडदा मिटला.

मी वाट बघत राहिले. दाराकडे. कोणी धावत आलं नाही. कसा येईल? आज मशीन चालूच होतं! त्याला वाटलं असेल, हिने वाचलं आणि गप्प राहिली. त्याच्या येण्याचं एकमेव कारण मी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून टाकलं होतं.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

मी पळाले. अनवाणी, मैदानातून, गोखरूचे काटे टोचत असताना. परीक्षा विभागात तो पडद्यावर खोळ चढवत पाठमोरा उभा होता.

“म्याडम! मशीन पडलं?”

“नाही,” मी दाराला धरून श्वास घेतला. “नीट चाललंय.”

तो बघत राहिला. माझ्या पायांकडे, मग माझ्याकडे.

“मंग इतक्या धावत काऊन आल्या?”

फाटकाबाहेरून पाच चाळीसची नाचणगावची बस निघाल्याचा आवाज आला.

“बस चुकवाले,” मी म्हटलं.