शेवटच्यानं दिवा बंद करायचा

"तो बाहेरचा दिवा राहू दे गं. तुझा नवरा यायचाय ना अजून? मग राहू दे. तो येईल आणि करील बंद.

हसा, हसा. मामा म्हातारा झाला, वीज जाळतो, असंच ना? असू दे. बसा इथं सगळे. नव्या घरात पहिल्या रात्री झोप कुणाला येते? खोकी उद्या उघडू. मला आता खोकं उघडायचंही बळ नाही, बसल्या बसल्या बोलायला तेवढं जमतं. आणि ही बनवलेली गोष्ट नाही बरं. माझ्या दोस्ताच्या घरी झालेली आहे. त्यातली थोडी तर माझ्या या उजव्या कानात झाली.

मी बस डेपोत रात्रपाळीला असायचो, हे तुम्हाला माहीत आहेच. एक टेबल, एक फोन, एक जाड वही. कुठली गाडी किती वाजता आत आली ते लिहायचं. एकतीस वर्षं तेवढंच केलं, म्हणून माझे डोळे असे. शेवटची गाडी बारा पन्नासला लागायची. ती चालवायचा त्याला आम्ही 'लास्टबस' म्हणायचो. खरं नाव त्याचं त्यालाही आठवत असेल की नाही कोण जाणे.

लास्टबसचं दुखणं एकच, घर. नऊ वर्षांत सहा घरं बदलली. कुठं मालकाचा मुलगा परत आला, कुठं इमारत पाडायला निघाली. सामान बांधायचं, सोडायचं, परत बांधायचं. त्याची पोरगी आठ वर्षांची, तिला ते चिमणी म्हणायचे. शाळेत ती मैत्रीणच करीनाशी झाली. आई रागावली तर म्हणाली, 'कशाला? आपण जाणारच ना?' हे मला सांगताना तो चहाचा कप नुसता हातात धरून बसला होता. कामानं माणूस एवढा दमत नाही हो, असल्या वाक्यांनी दमतो.

तर सप्टेंबर संपता संपता, एका रविवारी, दोघं नवरा-बायको सातव्या घराची किल्ली आणायला गेली. गावाच्या टोकाची वसाहत. घरांच्या पाठीला डोंगर, अगदी खेटून. साडेचारलाच ऊन डोंगरामागं जायचं. पण गल्ली कशी, तर पोरांच्या सायकली रात्रभर बाहेर पडलेल्या असायच्या आणि कुणी हात लावायचा नाही. दोन घरांपलीकडे चिमणीच्याच वयाची एक पोर कुंपणावर बसून होती. तिनं विचारलं, 'तुम्ही राहायला येणार?' वहिनी तिथंच विरघळली.

घर बेताचं. दार उघडलं की छोटा हॉल, भिंतीला टेकून मालकीणबाईंचीच एक जुनी लाकडी खुर्ची. दाराच्या वर काचेची पट्टी. बाहेरचा दिवा लागला की त्या काचेतून उजेड थेट झोपण्याच्या खोलीच्या भिंतीवर पडायचा. दिव्याचं बटण आत, दाराशेजारी. जुनं, काळं, जाड बटण. दाबलं की टक्क असा आवाज घरभर.

किल्ली देताना मालकीणबाई म्हणाल्या, 'एवढं करा, बाहेरचा दिवा लावू नका. वायरिंग जुनं झालंय.'

आता त्या गल्लीची पद्धत अशी की, अंधार पडला की प्रत्येक घरापुढं दिवा लागायचा. घरातला शेवटचा माणूस परत आला की त्यानं तो बंद करायचा. आत असलेल्यांनी नाही, येणाऱ्यानं. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांनी सांगितलं. पूर्वी तिथली बरीच माणसं वर डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर असायची. खिडकीतून एकदा नजर टाकली की कळायचं, कुणाचा माणूस अजून वर आहे.

सगळ्या गल्लीत दिवे आणि यांचंच घर अंधारात. लास्टबस रात्री एक दहाला यायचा आणि अंधारात दारापुढच्या कुंडीला रोज त्याची लाथ बसायची. तीन आठवड्यांनी पाय मुरगळला तेव्हा वहिनीनं वायरमन बोलावला. तो म्हणाला, 'वायरिंगला काय धाड भरलीय? एकदम ठणठणीत आहे.' संध्याकाळी वहिनीनं दिवा लावला. शेजारच्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी दिव्याकडं बघितलं आणि नळी तशीच वाहती टाकून आत गेल्या.

वहिनी एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात कामाला. पहाटे पाचला घर सोडायची. नवरा आल्याशिवाय तिचा डोळा लागायचा नाही, म्हणजे झोप जेमतेम तीन तास. आता ती भिंतीवरच्या उजेडाकडं बघत पडायची. उजेड गेला की समजायचं, आले. मग झोपायची.

पहिले चार दिवस दिवा एक दहालाच बंद झाला. लास्टबसनंच केला. पाचव्या दिवशी तो आला, तर दिवा बंद. कुंडीला लाथ बसली. सहाव्या दिवशीही तेच. मग रोजच.

त्याला वाईट वाटलं. बायको आपल्यासाठी तासभर दिवाही ठेवत नाही? आणि बूट काढायला खुर्चीवर बसला की खुर्ची गरम. म्हणजे ही आत्तापर्यंत इथं बसून होती. वाट बघायची, दिवा मात्र घालवायचा. ही कसली तऱ्हा?

तिकडं वहिनीला बरं वाटत होतं. दिवा आता अकरालाच जायचा. फाटक वाजायचं, टक्क व्हायचं, खुर्ची करकरायची. हल्ली लवकर सुटतात वाटतं. पण मग आत का येत नाहीत? कधी मध्येच जाग आली, तर तो अंथरुणात शिरताना दीड वाजलेला असायचा. दोन दोन तास अंधारात बसून काय करतात? तिलाही वाईट वाटलं.

विचारलं का नाही, म्हणता? अगं, ती पाचला जाणार, हा दहाला उठणार. ती घरी यायच्या आत हा डेपोत. सुट्टीच्या दिवशी भेटायची, तर तेव्हा दिवा नऊलाच बंद, सगळे घरात. मग तेव्हा काही व्हायचंही नाही. दमलेली माणसं भांडतसुद्धा नाहीत रे. मनात ठेवतात आणि झोपतात. तीन आठवडे हे असं चाललं.

नोव्हेंबरचा तिसरा मंगळवार. रात्री अकरा वाजून बावीस मिनिटं. वेळ मी वहीच्या कडेला लिहिलीय. डेपोचा फोन वाजला. वहिनी.

'भाऊजी, ह्यांचा मोबाईल गाडीत राहिलाय का बघता जरा? चिमणीला ताप चढलाय, ती माझा हात सोडत नाही. मी मघापासून हाका मारतेय, पाणी आणा म्हणून. हॉलमध्ये बसल्या जागी झोपलेत वाटतं. मोबाईल लावला, तर घरात वाजत नाही.'

मी म्हटलं, 'हॉलमध्ये कोण, वहिनी?'

'हेच की. अकराला आले. रोजच्यासारखे.'

मी समोर बघितलं. वही उघडी होती. शेवटच्या गाडीपुढची जागा... कोरी.

'वहिनी,' मी म्हटलं, 'गाडी अजून रस्त्यावर आहे.'

मी रिसीव्हर कानाला दाबून धरला.



मग तिकडून पोरीचा आवाज आला. तापातला, झोपेतला. रोज रात्री विचारायची तसंच तिनं विचारलं...

'बाबा... आलास?'

आणि लांबून... हॉलमधून...

'हं.'

एवढंच. मी ऐकलं ते. या कानानं. राग नाही, धमकी नाही. दिवसभर राबून आलेला माणूस करतो ना, तसं 'हं.'

मी म्हटलं, शेजारच्या बाईंना हाक मारा. वहिनी कुजबुजली, 'खिडकीला गज आहेत. दाराकडं जायचं तर... हॉलमधूनच...'

तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. अठ्ठ्याऐंशी मिनिटं. तिचा श्वास ऐकू यायचा. मधूनच खुर्ची करकरायची. बस्स.

बारा पन्नासला गाडी लागली. मी त्याला खाली उतरू न देताच सांगितलं. वही तशीच टाकली, स्कूटर काढली. एकतीस वर्षांत टेबल सोडलं ते त्या रात्री आणि नंतर एकदाच. एक वाजून पाच मिनिटांनी पोचलो. दिवा बंद. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं... हॉलमध्ये कुणी नाही. त्यानं खुर्चीला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. मीही लावला.

गरम होती.

खाली फरशीवर लाल माती. डोंगराची.

दुसऱ्या दिवशी तो मालकीणबाईंकडं गेला. त्या नाकारायच्याही भानगडीत पडल्या नाहीत. म्हणाल्या, 'आधीचा भाडेकरू. वरच्या रस्त्यावर माती उपसायचं यंत्र चालवायचा. रोज अकराला खाली यायचा, गल्लीत सगळ्यांच्या शेवटी. एका रात्री दरड आली. यंत्र सापडलं. तो नाही. बायकोनं सात महिने तो दिवा बंद होऊ दिला नाही, दिवसासुद्धा. शेवटी भाऊ येऊन तिला घेऊन गेला. मग दिवा बंद केला... मी. मी तर त्या घरातलीही नव्हे.' आणि रडल्या.

लास्टबस घरी येऊन माळ्यावरून खोकी काढायला लागला. वहिनीनं त्याच्या हातातून खोकं घेतलं आणि परत वर ठेवलं.

'सातवं घर सोडायचं नाही,' म्हणाली. 'चिमणीला मैत्रीण मिळालीय. काल ती तापात तिचं नाव घेत होती.'

'अगं, पण घरात परका माणूस...'

'काय करतो तो? दमून येतो आणि बसतो. तुम्ही तरी घरी येऊन दुसरं काय करता?'

नंतर डेपोत मला म्हणाला, 'भीती वाटते रे. पण खरं सांगू, भीतीपेक्षा दमायला जास्त झालंय. आता नाही बांधाबांध होत.' फक्त एक गोष्ट त्याच्या मनाला लागली होती. आपण रस्त्यावर असताना आपल्या घरचा दिवा दुसऱ्यानं घालवायचा, हे त्याला सोसेना. पुढच्या सुट्टीला अंधार पडल्यावर त्यानं स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून त्या खुर्चीशेजारी ठेवली. बायको-पोरीला आत पाठवलं. लाजत लाजत रिकाम्या खुर्चीशी बोलला, 'हे बघा, तुम्ही यायला ना नाही. पण तुमच्यानंतर मी येतो, एक दहाला. शेवटचा मी. तेवढा दिवा राहू द्या.'

दुसऱ्या दिवशी रात्री एक दहाला तो गल्लीत वळला. सगळी घरं अंधारात. यांच्या घरापुढं दिवा.

त्यानंतर चार वर्षं कधी चुकलं नाही. अकराला फाटक वाजायचं, खुर्ची करकरायची. टक्क मात्र व्हायचं ते एक दहाला. वहिनीची झोप परत तीन तासांवर आली. ती म्हणायची, चालेल. सातव्या घरात चिमणी बारा वर्षांची झाली. कुंडी तेवढी फुटली नाही, नवलच.

मग जानेवारीची नऊ तारीख. गुरुवार. धुकं इतकं की डेपोचं फाटक दिसत नव्हतं. संध्याकाळी आवारात ऑइलचं पिंप कलंडलं होतं, सगळीकडं काळा चिखल. गाडी बारा पन्नासलाच लागली. लास्टबस शिव्या घालत आत आला, 'बूट गेले रे माझे.' सही केली. म्हणाला, 'जरा दम खातो.' आणि माझ्या टेबलावर डोकं टेकलं.

बारा अठ्ठावन्न.

मी हाक मारली...

परत मारली...

डॉक्टर आले, त्यांनी नुसती मान हलवली. माझा दोस्त माझ्या टेबलावर गेला आणि माझ्या हातात पेन तसंच होतं. त्याला तिथंच आतल्या बाकावर ठेवलं, बूट पायात तसेच. घरी सांगायला कुणीतरी जायला हवं होतं. कोण जाणार? मीच.

स्कूटर चालवत नव्हतो, ढकलत होतो म्हणा. मनात एकच. गल्लीत वळलो की तो दिवा दिसणार. एकटाच लागलेला. आणि तो बघून मला बोलता येणार नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी वळलो.

दिवा... बंद.

फाटक उघडलं. दार हळूच वाजवलं. वहिनी आली. चेहऱ्यावर झोप. झोपेतून उठलेली ती, कळलं का? झोपलेली होती.

'भाऊजी? तुम्ही?' तिनं ओठांवर बोट ठेवलं. 'हळू बोला. हे मघाशीच आले, एक दहाला. आज आत आलेच नाहीत. बाहेर हॉलमध्येच बसले दोघं.'

 मी नुसता हात लांब केला आणि हॉलमधला दिवा लावला.

खुर्च्या रिकाम्या. शेजारी शेजारी.

वहिनीनं खाली बघितलं. मग मी बघितलं.

दारापासून खुर्च्यांपर्यंत बुटांचे ओले ठसे. दोन जोड. एक लाल मातीचे. दुसरे काळे... आमच्या डेपोतल्या ऑइलचे.

सगळे आत येणारे. बाहेर जाणारा एकही नव्हता."