हॅल्वरची डाय

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी व्हर्ना लिंडाल माझ्या शेडमध्ये आली आणि तिनं पत्र्याचा एक डबा टेबलावर ठेवला.

"मोडली," ती म्हणाली. "तुझ्या दोस्तानं केलेली वस्तू. आता तूच बघ."

दोस्त म्हणजे तिचा नवरा हॅल्वर. एप्रिलमध्ये गेला. डब्यात त्याची डाय होती. झाडल्यावर काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. तीच पुन्हा भरायची तर आधी मापात आणावी लागते, आणि त्यासाठी प्रेसच्या दांड्यानं ती डायच्या पोलादी नळकांड्यात दाबतात. डायच्या आत एक बारीक दांडी असते. तिच्या टोकाची पिन पुंगळीच्या बुडातली, बार उडवून जळालेली टोपी पाडते आणि पुंगळी बाहेर येताना दांडीवरचं बोंड तिचा गळा आतून सारखा करतं. अशा जुन्या डाय साफ करायच्या, गंज काढायचा, बंद पडलेल्या कंपन्यांचे सुटे भाग कुठून तरी पैदा करायचे, हा माझा चाळीस वर्षांचा उद्योग. बिटररूटच्या खोऱ्यात एल्क नावाच्या थोराड हरणांमागे जाणाऱ्या बहुतेक शिकाऱ्यांच्या डाय माझ्या हाताखालून गेल्यात.

हॅल्वरच्या रायफलचं माप मात्र जगात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. डाय त्यानं स्वतःच्या लेथवर घडवली होती. दांडी तेवढी विकतची होती आणि ती बोंडाच्या वर तुटली होती.

"हे जमलं नाही तर माझी रायफल घेऊन जा," मी म्हणालो.

"चाळीस वर्षं मी त्याच रायफलनं एल्क मारत आलेय. फ्रीजर रिकामा आहे, परवाना पुढच्या रविवारी संपतोय आणि भरलेलं एकही काडतूस घरात नाही. तुझी रायफल तुलाच लखलाभ."

मी नेब्रास्कातल्या मर्लला फोन लावला. जुन्या डायच्या सुट्या भागांनी त्याचं तळघर भरलेलं आहे.

"आटे मोजलेस का?"

"मोजले. हल्लीच्या कुठल्याच मापाचे नाहीत."

"म्हणजे पणजीची कवळी शोधायचीय," मर्ल म्हणाला. "टाकतो टपालानं. पण बसेलच असं नाही हं."

आठवडाभर डाय फळीवर तशीच पडून होती. पुढच्या शनिवारी सकाळी मर्लची पुडी आली. आत सात दांड्या होत्या. पहिल्या तीन अर्ध्यावर अडल्या. चौथी दोन बोटांनी फिरवली आणि शेवटपर्यंत गेली.

दुपारी एकला व्हर्ना पुंगळ्या घेऊन आली आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसली. मी डाय रॉकेलनं धुतली आणि उजेडाकडे धरून आत पाहिलं. इतक्या वर्षांत डायमध्ये ओरखडे पडतात, पितळ चिकटतं. इथे काहीच नव्हतं. पोलाद काल घासल्यासारखं होतं.

"हॅल्वर हिला जपायचा," मी म्हणालो.

"एवढं तर तो मलाही जपत नव्हता," व्हर्ना म्हणाली.

डाय प्रेसवर चढवली. पहिली पुंगळी आत गेली आणि बाहेर येताना किंचाळली, लांब, चढत जाणारा आवाज. त्यात विशेष काही नाही. गळ्यात वंगण कमी पडलं की बोंड ओरडतं.

"लेलंड," व्हर्ना म्हणाली, "तुझं गिऱ्हाईक आलंय बघ."

खिडकीबाहेर गवताचं शेत आहे, त्यापलीकडे तारेचं कुंपण. कुंपणाशी एल्कची एक मादी उभी होती. मी हसलो. शिट्टी वाजवून एल्क बोलावतात, तसाच हा आवाज झाला होता.

दुसऱ्या पुंगळीच्या गळ्यात मी शिशाच्या पेन्सिलीची पूड लावली. ती आवाज न करता आत गेली, आवाज न करता बाहेर आली. मी वर पाहिलं. आता कुंपणाच्या अलीकडे अकरा होत्या.

मी आणखी दोन पुंगळ्या काढल्या. शेगडीत लाकूड तडकत होतं, तेवढाच आवाज. शेताच्या वरच्या अंगाला पाइनची झाडं आहेत. त्यांतून एल्क खाली येत होते. माद्या, पाडसं, मोठ्या शिंगांचे नर. घाई नव्हती. कुणी गवताला तोंड लावत नव्हतं. येऊन उभे राहत होते आणि शेडकडे पाहत होते. दोनशेपर्यंत मी मोजले, मग सोडून दिलं.

व्हर्ना उठून खिडकीशी गेली होती.

"हॅल्वर हे काम जुलैतच करायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "कळप डोंगरमाथ्यावर असतात तेव्हा. मी म्हणायचे, थंडीत रिकामा बसतोस, तेव्हा कर की. तर म्हणायचा, थंडीत गर्दी होते."

"गर्दी?"

"मला वाटायचं, पाहुण्यांची म्हणतोय."

मी पाचवी पुंगळी लावली. का लावली, सांगता येत नाही. हात सवयीनं चालला. दांडा खाली ओढला, वर नेला. शेतावर वाफेचा पांढरा पट्टा उठला आणि विरला. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा एक पट्टा.

सगळा कळप एकदम श्वास सोडत होता.

"लेलंड, थांब," व्हर्ना म्हणाली.

मी थांबलो. दांडा खालीच होता, पुंगळी डायमध्ये.

शेतावर वाफ दिसेना.

मी वाट पाहिली. कुठल्याही नाकपुडीतून काही येत नव्हतं. अर्धं मिनिट गेलं असेल. पुढच्या रांगेतल्या एका पाडसाचे गुडघे थरथरू लागले. त्याची आई हलली नाही. तिचे डोळे माझ्या हातावर होते.

"वर ने," व्हर्ना पुटपुटली. "अरे, वर ने."

मी दांडा वर नेला.

एवढी वाफ उठली की क्षणभर डोंगर दिसेना.

मी दांड्यावरचा हात काढून घेतला. पण ती नुसती भीती नव्हती. मोठ्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेल्यावर लहान मूल मान वर करून बघत राहतं, तसं काहीतरी झालं होतं. मी टोपी काढली. मग दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, डाय प्रेसवरून उतरवली.

वाफ तुटक झाली. प्रत्येक जण आपापला श्वास घेऊ लागला. थोड्या वेळानं ती पुढची मादी वळली आणि तिच्यामागून सगळे झाडांत गेले.

व्हर्नानं डाय रुमालात गुंडाळून घरी नेली. रविवारी ती शिकारीला गेली नाही. माझ्या फ्रीजरमधलं अर्धं मांस मी तिला पोचवलं. तिनं ते घेतलं आणि मला कॉफी ओतली.

मंगळवारी वन्यजीव खात्याचा डीन आला. तरुण, कामसू माणूस. त्यानं खुरांच्या वाटा उलट्या दिशेनं तपासल्या होत्या.

"तीन वाटा आहेत, लेलंड. सगळ्यात लांबची खिंडीपलीकडून, बिग होलच्या कुरणांतून येते. चाळीस मैल. मांडीभर बर्फातून, दोरी ताणल्यासारखी सरळ. कुठे चरले नाहीत, कुठे बसले नाहीत. तुमच्या शेतात ठेवलं होतंत तरी काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "कधी निघाले असतील ते?"

"ते सांगता येतं. तिकडे शेवटचा बर्फ गुरुवारी दुपारी पडला, आणि सुरुवातीच्या काही मैलांपुरतीच पावलं त्या बर्फानं भरलेली आहेत. म्हणजे गुरुवारी सकाळीच निघाले."

तो गेल्यावर मी शेडचं दार लावून बसलो. पहिली पुंगळी मी दाबली ती शनिवारी दुपारी. गुरुवारी थँक्सगिव्हिंग होतं. देशभर टपाल बंद. मर्लची पुडी वाटेतल्या कुठल्यातरी कुलूपबंद कचेरीत पडून होती. तिच्यातल्या सातांपैकी एक तरी दांडी बसेल की नाही, हे त्या सकाळी मर्लला ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.