माझ्या मेलवरून गेलेलं दुसरं उत्तर

हे घडलंय. माझ्यासोबत घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, मला कोणाची समजूत घालायची नाहीये.

आणि रात्रबित्र नव्हती. गुरुवारची भर दुपार होती. जागा म्हणजे आमच्या घरातला पॅसेज, स्वयंपाकघराच्या दारासमोरचा.

त्या पॅसेजमध्ये घरातला एकुलता एक कॉम्प्युटर. त्याच्यावर राज्य सासऱ्यांचं. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेला. कोणी लॉगआउट करायचं नाही, हा त्यांचा नियम. "घरच्यांत कसली लपवाछपवी?" म्हणायचे. संध्याकाळी चष्मा लावून बसायचे आणि दिवसभरात कोणी काय पाहिलं ते सगळं उकरून काढायचे. जावेने एकदा केसगळतीवर उपाय शोधला, तर महिनाभर जेवताना तिच्या टकलाचा विषय चालला होता.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने मला नोकरी देऊ केली, तेव्हा माझा मेल नियमाप्रमाणे उघडाच होता. सासऱ्यांनी माझ्या नावाने परस्पर उत्तर पाठवलं... 'घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही.'

मला कळेपर्यंत जागा भरली होती.

वर मलाच म्हणाले, "तुझं काम सोपं केलं."

पुढे ते वारले. खरं सांगते, मला रडू आलं नाही.

या वर्षी त्याच हॉस्पिटलात परत जागा निघाली. मी अर्ज केला. नवरा सोडून घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. दर वेळी प्रायव्हेट विंडो उघडायची, पासवर्ड लक्षात ठेवू का विचारलं की 'नको' म्हणायचं, काम झालं की लॉगआउट.

नवरा हसला. "आता कोण बघणारे?"

"कोणी नाही. तरी करणार," मी म्हटलं.

त्या गुरुवारी निवड झाल्याचा मेल आला. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. माझा फोन दुरुस्तीला दिलेला. घरात मी एकटीच. मेल वाचला, लॉगआउट केलं आणि चहा ठेवायला आत गेले. म्हटलं, दोन घोट घेऊन नीट उत्तर लिहू.

पाणी उकळायला लागलं, आणि...

टक.

टक.

पॅसेजमधून येत होता आवाज. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाइप केल्याचा.

आमच्या घरात असं एकच माणूस टाइप करायचं.

मी गॅस बंद केला. दारात आले. खुर्ची रिकामी होती... पण तिची गादी मध्यभागी दबलेली होती.

स्क्रीनवर माझा मेल उघडा. मी बंद केलेला. उत्तराच्या जागी लिहिलं होतं, 'घरच्या अडचणीमुळे ये'.

मी बघत असताना पुढचं अक्षर उमटलं.

घाबरले, नाही कशाला म्हणू? पण भीतीच्या आधी माझं डोकं फिरलं. मेल्यावरसुद्धा?

"बाबा, उठा," मी म्हटलं. "तो मेल माझा आहे."

टक.

"जिवंत होतात तेव्हा केलंत. आता नाही चालणार."

गादी तशीच दबलेली. मग मी त्याच खुर्चीत जाऊन बसले. पाठीला गारवा झोंबला, ओला कपडा चिकटावा तसा. मी त्यांची अक्षरं पुसली... ती परत आली. परत पुसली. एका हाताने पुसत, दुसऱ्या हाताने मी लिहिलं, 'मी येते आहे.' आणि पाठवलं.

उठले आणि भिंतीतून प्लगच उपटला. स्क्रीन काळी झाली.

कीबोर्ड मात्र...

टक. टक. टक.

मी हलले नाही. शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी एक जोरात आवाज आला, एंटर दाबल्यासारखा. मग शांत.

रुजू व्हायला गेले तेव्हा तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी मला जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"तुमचे दोन मेल आले. आधी होकार, आणि लगेच नकार. घरच्या अडचणीमुळे म्हणे. आम्ही म्हटलं, बाई येते का तेच बघू."

मी रुजू होण्याच्या कागदावर पेन टेकवलं. त्या वेळी कॉम्प्युटरला वीजच नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"पहिला माझा," मी म्हटलं.

"आणि दुसरा?"

"तो माझा नव्हे." आणि सही केली.

आता इथेच काम करते. लॅबमध्येही आम्हा सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर आहे. पासवर्ड टाकताना मी दुसरा हात वर आडवा धरते. कधीकधी मागे कोणी नसतं, तरी मान गार पडते.

असेल कोणी तर असू दे. मी हात काढत नाही.